मांडवातले मोरपीस

ही गोष्ट मी पत्नीला सांगितलेली नाही, मुलांना नाही, देवापुढेही उच्चारलेली नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. का — ते विचारू नका.

तरुणपणी माझे आणि सुमनचे एकमेकांवर प्रेम होते. दोघेही पाटोद्याचे, ती आमच्या मागच्या आळीत राहत असे. जात एक, त्यामुळे सोयरीक होईल हे तिने गृहीत धरले होते. तलवाड्याचे एक चांगले स्थळ तिने माझ्यासाठी परतवले. ते मला माहीत होते — हे लक्षात ठेवा.

मग माझे मन उतरले. कारण? कारण नव्हते. तिचा दोष नव्हता, दुसरी कोणी नव्हती. ओढ संपली, इतकेच. मन उतरणे हा अपराध नव्हे. पण ते सांगायला हवे होते. ‘सुमन, माझे मन आता राहिले नाही’ — एवढ्या वाक्याला असा किती श्वास लागतो?

मी दुसरेच बोललो.

आमच्याकडे लग्न ठरवताना दोन्ही घरांचे देवक पाहतात. देवक म्हणजे कुळाचे चिन्ह. कोणाचे झाडाची डहाळी, कोणाचे पीस. ते एक निघाले की मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात. बोलणे तिथेच संपते. तिच्या घरचे देवक कळंबाची डहाळी. आमचे मोरपीस. परंतु मी लहान असताना आम्ही पाटोद्याला आलो, तेव्हापासून घरात लग्न झाले नव्हते. आमचे देवक गावात कोणी पाहिलेलेच नव्हते. देवळामागे मी तिला सांगितले, “आमचंबी कळंबच निघालं.”

ती म्हणाली, “मंग मी रुसू कुनावर? तुमचा तर काई गुन्हा न्हाई.”

मी मान हलवली. — हो, हलवली.

तेव्हा वाटले, तिला दुखावले नाही. खोटे. मी स्वतःला वाचवले, आणि माझ्यावर रागावण्याचा तिचा हक्क काढून घेतला.

तिला सिरसाळ्याला दिले. पुढे माझे लग्न ठरले. आमंत्रण तिच्या माहेरीही गेले. ती आली. मांडवात देवक बसवले होते — मोरपीस. ती त्यापुढे उभी राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. मी मुंडावळ्यांआडून पाहत होतो. मग माझ्याजवळ आली.

“दादा, देवक लई शोभून दिसतंय.”

दादा — त्याआधी तिने मला तसे कधीच म्हटले नव्हते.

तेव्हापासून दर राखीला माहेरी आली की ती आमच्याकडे येते. पत्नी चेष्टा करते, “वन्सं, यंदा भावाकडून पैठणीच घ्या.” सुमन म्हणते, “भाऊ कसा हाय, ते मला तुमच्या आधी कळलंय, वैनी.” सगळे हसतात. मीही हसतो.

या श्रावणातही ती आली. आता म्हातारी झाली आहे; माझ्या मनगटावर राखी बांधू लागली. पत्नी आत ओवाळणीचे ताट करीत होती. खोलीत आम्ही दोघेच. गाठ बसेना. सुटली. तिने खाली मान घालून पुन्हा बांधायला घेतली. तेव्हा बोलता आले असते.

मी हात पुढे धरून बसलो.