पिवळ्या झाकणाचं ऑइल

सांगलीच्या वखारभागात धरणेंद्र अण्णांचा गाड्यांच्या स्पेअर पार्टचा होलसेल धंदा. एके काळी सायकलला पिशव्या अडकवून फिल्टर विकत हिंडणारा हा माणूस आता वाईपासून कवठे महांकाळपर्यंतच्या दुकानांना माल पुरवत होता. डब्यांवरची इंग्रजी नावं दुकानदारांना फोनवर धड सांगता येत नसत, तेव्हा अण्णांनीच शक्कल काढली. नाव नको, झाकणाचा रंग सांगा. लाल म्हणजे स्टिअरिंगचं ऑइल, पिवळं म्हणजे ब्रेकचं. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं आणि अण्णांना स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक वाटत राहिलं.

त्या मंगळवारी सकाळी ते मांडणी आवरत होते. पिवळ्या झाकणाचा डबा हातात आला, नेमका चष्मा डोळ्यांवर होता, म्हणून वाचलं गेलं. स्टिअरिंग. दुसरा उचलला, तेच. कंपनीनं झाकणं बदलली होती. तसं कळवणारा कागद आलाही होता, पण अण्णांनी त्यात बेअरिंग गुंडाळून कुणाला तरी दिलं होतं.

त्यांनी घाईनं विक्रीची वही उघडली. या नव्या मालातलं एकच खोकं बाहेर गेलं होतं, वाईच्या नानासोच्या दुकानात, ब्रेकचं म्हणून. हे ऑइल ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात. मग ब्रेक एक तर जाम होतो, नाही तर ऐन वेळी लागतच नाही. आणि वाईच्या गाड्यांना पसरणीचा घाट रोजचाच.

नानासोनं फोन उचलला. ऐकून त्यानं आधी डबे मोजले. मग म्हणाला, अकरा डबे समोर आहेत, बारावा काल संध्याकाळी उदयसिंहानं नेला. उदयसिंह फौजेतून परतल्यावर वाई-पाचगणी वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी, जीप चालवायचा. पंधरा मिनिटांपूर्वीच माणसं भरून निघाला होता.

उदयसिंहाचा फोन लागेना. घाटात रेंज नसते हे अण्णांना ठाऊक होतं, तरी ते लावत राहिले. सांगलीहून धावत सुटून काय उपयोग, वाई गाठेपर्यंत दुपार झाली असती. बायको सुंदरीनं विचारलं, काय झालं, तर त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. त्यांनी णमोकार म्हणायला घेतला आणि रोजचा पाठ असलेला मंत्र दुसऱ्याच ओळीला अडला. इतके ते आयुष्यात कधी भ्याले नव्हते.

पाऊण तासानं फोन वाजला.

"अण्णा, उदयसिंह बोलतोय. नानासोचा निरोप मागनं आलेल्या गाडीवाल्यानं दिला, त्येच्याच गाडीनं रेंजमदी आलोय. ब्रेकनं गाडी चढालाच जाग्यावर धरली हुती. चाकातनं धूर निघाला. माणसं उतरवली, समदी धड हायती."

न वाचता विकलं म्हणून नानासोवर ढकलता आलं असतं, तसा विचारही अण्णांच्या मनात येऊन गेला.

"चूक माझी हाय रं," ते म्हणाले. "डबा म्या वाचला न्हाई. नानासोनंबी वाचला नसंल."

उदयसिंहानं त्यांना मध्येच थांबवलं.

"आमी दोघांनीबी वाचला हुता, अण्णा. स्टिअरिंग लिवल्यालं बघितलं. नानासो म्हनला, अण्णांकडनं आलंय, तवा लेबलच चुकलं आसंल. मलाबी पटलं. म्हनून वतलं."