दाराशी ठेवलेला आवाज

"एवढी इंग्लिश शाळा केली, पण निघताना तोंडातून शब्द नाही पोरीच्या," शेजारच्या सावंतकाकू जिन्यात कुणाला तरी हळूच म्हणाल्या. मला ऐकू आलं. सँडलचा पट्टा लावून झालेला होता, तो मी सोडून परत लावला.

खाली रिक्षा थांबलेली. कोपरच्या आमच्या घरातून मी बंगलोरला निघालेले, पहिल्या नोकरीवर. आईनं हातावर दही ठेवलं, डब्यात सुकटीची चटणी भरून दिली. मी वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि दार उघडलं. तेवढ्यात चौकटीवरून माझाच आवाज आला, "आई, आले."

काकू हसल्या. आईपण हसली. मग कुणीच हसलं नाही. माझं एक पाऊल जिन्यात होतं आणि माझा आवाज मी घरी आल्याचं सांगत होता. आई सवयीनं ओट्याकडे वळली आणि म्हणाली, "चाय टाकू का गो?" रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मी जिना उतरले.

तो आवाज मीच बसवलेला होता.

आई ठाण्याच्या कोपरीची, कोळ्याची मुलगी. लग्न होऊन इकडे डोंबिवलीजवळच्या कोपरला आली, पण सकाळी मासळी विकायला ठाण्यालाच जायची. वडील मी शाळेत असताना गेले. तिनं हट्टानं मला कॉन्व्हेंटमध्येच ठेवलं. शाळेत मराठी बोललं की टीचर ओरडायच्या, आणि घरी इंग्लिश शब्द आला की मामा चिडवायचा, "मडम आली बघा." दोन्हीकडून सुटायला मी गप्प राहायला शिकले. घरात शिरायचे तेही पाय न वाजवता. ओट्याशी उभी असलेली आई दचकायची.

"भुतासारखी येतेस गो बाय. हाक मारायला काय जातं?"

काय जायचं ते मला सांगता आलं नसतं. पण तेव्हा मी दर रविवारी डोंबिवली पूर्वेला एका क्लासला जायला लागले होते. खाली टायपिंगचे वर्ग चालायचे, वर आमचे सर. कारखान्यातली नोकरी सोडून ते यंत्राच्या पोटात बसणारे प्रोग्रॅम शिकवायचे. फळा जवळजवळ कोराच असायचा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या पुढ्यात एक बोर्ड, तारा डागायचा एक तापता सोल्डरिंग आयर्न आणि चार तारा. "बोट भाजल्याशिवाय इथे कुणी शिकलेलं नाही," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. नियम एकच. कपाटातल्या फ्लॉप्यांमधला कुठलाही प्रोग्रॅम घ्या, बदला, पण बदललेला परत तिथेच ठेवून जा, पुढच्या बॅचसाठी. लपवायचं नाही. पुढे बंगलोरला लोक ओपन सोर्सवर, प्रोग्रॅम सगळ्यांना खुले ठेवण्यावर, तावातावानं बोलायचे, तेव्हा मला ते लोखंडी कपाट आठवायचं.

तिथे मला बोलणारी चिप मिळाली. काही सेकंदांचा आवाज तिच्यात भरता यायचा, आणि वीज गेली तरी तो पुसला जायचा नाही. दाराला लोहचुंबकाचा स्विच लावायचा, दार उघडलं की चिपनं बोलायचं, असा माझा प्रोजेक्ट. मला हाक मारायला लागणार नव्हती. आवाज भरायच्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी त्यांना चहाला पिटाळलं. रिकाम्या खोलीत मी त्या इवल्याशा माइकमध्ये म्हटलं, "आई, आले." आवाजामागे वर्गातला पंखाही भरला गेला.

ऐकून सर म्हणाले, "छान. पण त्याला दार उघडलं एवढंच कळतं. आलीस की गेलीस, ते कसं कळणार?"

"पुढच्या रविवारी करते," मी म्हटलं. चिपचा तो छोटा डबा तसाच नेऊन घरी चौकटीवर बसवला. त्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं.

बंगलोरला सगळं बरं चाललेलं. लॅबमध्ये दिवसभर बोर्ड, आणि कमी बोलणाऱ्या मुलीला तिथे कुणी नावं ठेवत नव्हतं, उलट 'फोकस्ड' म्हणायचे. घर सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना रविवारचे ते एसटीडी बूथ आठवत असतील. फोन सावंतकाकूंकडे लावायचा, आईला बोलवायचं, काचेवरचे लाल आकडे पळताना बघत "जेवलीस का?" "जेवले" एवढंच बोलायचं. दोन वर्षं असंच गेलं. एका रविवारी आई यायच्या आधी काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी आई बरी आहे गं. पण संध्याकाळी तुझ्याशी बोलते."

"फोनवर?"

"नाही गं. घरात."

मी रजा टाकली. जाऊन तिला घेऊनच यायचं ठरवलं. दोन खोल्यांची जागा मिळालेली होती. परतीची दोन तिकिटं काढून मंगळवारी घरी पोचले. आईनं तिकिटं बघितली, "बघू" म्हणाली आणि सुकट निवडायला बसली.

दिवेलागणीला मी ओट्यासमोरच्या पलंगावर होते. दाराला आतून कडी. कुणी आलं नव्हतं, वीज गेली नव्हती. चौकटीवरून पंख्याची घरघर आली आणि मग मी बोलले, "आई, आले."

आईनं वरही बघितलं नाही. "चाय टाकू का गो?" ती म्हणाली. मग मान जराशी कलती करून थांबली. उत्तर यायला लागेल तेवढाच वेळ. उत्तर आलं नाही. तिनं एका माणसाचा चहा टाकला आणि प्यायली. मी समोर बसलेले, मला विचारलंही नाही.

बुधवारीही तसंच. त्या आवाजातली मी एकोणीस वर्षांची होते आणि तशीच राहणार होते. गुरुवारी मी चौकटीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. तारा ठीक, स्विच ठीक. तशीच सरांकडे गेले.

"बिघाड नाही तो," सर म्हणाले. "तुझ्या आई आलेल्या इथे, डबा पिशवीत घालून. ह्याच बाकावर बसल्या. तुझा प्रोग्रॅम तू कपाटात ठेवून गेलेलीसच. नव्या बॅचमधल्या एका मुलीनं त्यात दाराऐवजी घड्याळाची वेळ घालून दिली. आई म्हणाल्या, दिवेलागणीला यायची ती, तेव्हा बोलू दे."

सर चष्मा पुसत राहिले. "मी त्यांना म्हटलं, लेक आली की नव्या चिपमध्ये आवाज भरून घ्या, लांबलचक. तर म्हणाल्या, नको. हीच राहू दे. ही बोलते तरी."

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, "चल ना माझ्याबरोबर."

"मी आले, तर ही घरी आल्यावर घरात कोण असेल?" आई चौकटीकडे बघून म्हणाली. धाकट्या मुलीबद्दल बोलावं, इतकं साधं. तार ओढणं माझ्या हातात होतं. पण तार ओढली तरी त्या चिपमधला आवाज जात नाही, हे घरात मला एकटीलाच माहीत होतं.

आता घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून कोपरचं नाव सांगते. मनात मात्र खोल्या येत नाहीत, खाडीकडची खिडकीसुद्धा येत नाही. आईच्या त्या प्रश्नानंतरचा थांबा येतो. तेवढ्या जागेत मी कितीतरी वर्षं राहिलेले, एक शब्द न बोलता. माझ्यासारखे निघून गेलेले असतील, त्यांच्याही घरी अशी एखादी जागा असेल. आणि मागे राहिलेल्यांना ती रोज दिसत असेल.

शनिवारी निघायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली, पर्समध्ये दोन्ही तिकिटं. आईनं स्वतःचं काहीच भरलं नव्हतं. बाहेर अंधारून आलं. पंखा घरघरला. "आई, आले."

"चाय टाकू का गो?" आईनं विचारलं आणि मान कलती करून थांबली.

शाळेत कविता म्हणायला उभं करत, तशी मी पलंगावरच ताठ बसले. "टाक गो," मी म्हटलं. "आलं घालून."

आईच्या हातातून पातेलं निसटलं. ती सावकाश वळली. आधी चौकटीकडे बघितलं, मग पलंगाकडे, माझ्याकडे. खूप वेळ बघत राहिली.

"कधी आलीस गो?"

मंगळवारपासून मी त्याच पलंगावर बसलेले होते.

"आत्ता," मी मोठ्यानं म्हटलं. "आत्ताच आले, आई."