अंगाईची पट्टी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक मोठा शोध लावला होता. तो फार दिवस टिकला नाही. पण टिकला तोवर मी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर साताऱ्याचं, पण संगीत विषय मिळावा म्हणून मी सांगलीला आत्याकडे राहून कॉलेज करत होते. संगीत घेतलेल्या आम्ही तिघीच, आणि शिकवायला एक बाई. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, सदा दमलेल्या. दम लागला म्हणून त्या बोलायच्या थांबत नसत, फक्त वाक्यं आखूड करत.

अडचण अशी होती, की संगीत दोनच वर्षं शिकता येत असे. तिसऱ्या वर्षाला ‘स्पेशल’ विषय म्हणून ठेवायचं तर विद्यापीठाची परवानगी लागायची. ती नाही मिळाली, तर आम्ही दुसरा कुठला तरी विषय घ्यायचा आणि बाईंनी पुन्हा सा-रे-ग-म-पासून सुरुवात करायची. समिती येऊन बघणार होती. प्राचार्य बाईंना म्हणाले, “नुसतं गाऊन दाखवून भागायचं नाही. काहीतरी संशोधन दाखवा.”

संशोधन करायला आमच्याकडे होतं कोण? बाईंनी आम्हा मुलींनाच जुंपलं. त्यात एकीचं लग्न ठरलं आणि दुसरीला कावीळ झाली. राहिले मी.

मला वाटलं होतं, बाई एखादा अनवट राग देतील. त्यांनी दिली अंगाई.

“अंगाई? बाई, ते काय संगीत आहे?”

“घरोघर चालतं. ऐकणारा उठून जात नाही. आणखी काय हवं? खेड्यांत जा. बायका कशा गातात ते ऐक. स्वरलिपीत लिही. मी तपासेन.”

आत्याला कळलं तेव्हा ती पोळी तव्यावर टाकून हसत बसली. “लग्नाआधीच अंगाई शिकायला निघालीस? फारच घाई झाली गं तुला!” पोळी करपली, ती माझ्याच ताटात आली.

मग माझे दौरे सुरू झाले. आष्टा, शिराळा, मधली वाटेवरची गावं. खांद्याला पिशवी, हातात हार्मोनियमची पेटी. एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला ती आतून कण्हायची. कंडक्टर म्हणायचा, “बाई, आत कोण हाय ते सांगा, त्याचं बी तिकीट फाडतो.” उन्हानं डोकं भणभणायचं, टाचा फुटायच्या, पण मी संशोधक होते ना! दोन वेण्यांचा मी अंबाडा केला होता. त्यात विद्वत्ता मावत नव्हती, म्हणून पिना जास्त लागायच्या.

पद्धत माझी शिस्तीची होती. ज्या घरात पाळणा हलत असेल तिथं जायचं. घोंगडीवर बसायचं. पेटी उघडायची. कान स्थिर व्हावा म्हणून आधी माझा सा धरायचा. माझा गळा काळी चारचा, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो तो माझा सा. तो भरून घुमला की समोरच्या आईला म्हणायचं, “हं, म्हणा आता.”

ती बिचारी पदर तोंडाशी धरून हसायची, आणि म्हणायची. पाळण्यातलं पोर पेटीच्या आवाजानं टक्क जागं होऊन बघत राहायचं. मी भराभर लिहायची.

गावामागून गाव झालं आणि माझ्या लक्षात आलं, की अरेच्चा, सगळ्या काळी चारमध्येच गातायत! म्हातारी गात होती, सतराची पोर गात होती, घोगऱ्या आवाजाची गात होती, सगळ्यांचा सा तोच. काहींच्या गळ्याच्या शिरा ताणून बाहेर यायच्या. ती मी आईची माया समजले. निबंधाला मी नाव दिलं, ‘मातृहृदयाचा आदिस्वर’. त्यात असं एक वाक्य होतं, की कृष्णाकाठच्या मातीतच हा षड्ज मिसळलेला आहे. ते लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले होते. आज आठवलं की पोट धरून हसावं लागतं, आणि पोट आता पूर्वीचं राहिलेलं नाही.

बाई निबंध वाचून म्हणाल्या, “सगळ्या? एकही वेगळी नाही?” पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती, हे मी पाहिलं. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी ज्याला त्याला सांगितलं. समिती येण्याच्या आधी एकदा स्वतः ऐकावं म्हणून बाई माझ्याबरोबर आष्ट्याला आल्या.

मळ्यातलं घर होतं. नवरा फौजेत, सासू शेतावर, सून आणि तान्हं पोर घरी. मी नेहमीसारखी घोंगडीवर बसले, पेटी उघडली, काळी चार भरली. “हं, म्हणा.” ती माउली काळी चारमध्ये म्हणाली. मी विजयी मुद्रेनं बाईंकडे पाहिलं. बाई पाळण्याकडे बघत होत्या.

तिथं त्यांनी चहा घेतला, पोराच्या हातावर साखर ठेवली. स्टँडवर आल्यावर बाकावर बसल्या, चप्पल काढून तळवा चोळला आणि म्हणाल्या, “तू सूर दिलास.”

“हो. मग? सूर दिल्याशिवाय कसं गाणार?”

“तिनं मागितला होता?”

“पण बाई, वर्गात आपण…”

“वर्गात मी देते. तुम्ही घेता. मग तुम्हा तिघींचा सा एक कसा, याचा शोध कुणी लावलाय का?”

आता सांगायला लाज नाही वाटत, मला कळायला पुढची गाडी लागेपर्यंत वेळ लागला. वारणा-कृष्णेच्या काठची माती, आदिस्वर, मातृहृदय, सगळं माझ्या पेटीतून निघून माझ्याच कानात परत आलं होतं. पाहुणी मुलगी एवढी भरून सूर देतेय म्हटल्यावर त्या बायकांनी तो घेतला. पानावर वाढलेलं नको कसं म्हणायचं?

“आता काय करायचं?” मी रडवेली झाले.

“परत जायचं.”

“समिती येणार आहे, बाई! तिथं कुणाला कळणार आहे?”

बाईंनी चप्पल घातली. “मला कळलंय ना,” म्हणाल्या. एवढंच. आवाजात शौर्य वगैरे काही नव्हतं. दुपारची भांडी अजून घासायची राहिली आहेत, हे आठवल्यावर बाईमाणूस बोलतं तसं बोलल्या.

मग आम्ही दोघी पुन्हा फिरलो. पेटी घरात न्यायची नाही, असं ठरलं. ती स्टँडसमोरच्या शिंप्याच्या दुकानात ठेवायची. घरी जाऊन गुपचूप बसायचं. खरंच पोराला झोपवायची वेळ होईल तेव्हाच ऐकायचं. आणि मग तो सा तोंडात धरून, विसरायच्या आत दुकानापर्यंत पळायचं आणि पेटीवर ताडून बघायचं. मी “साऽऽ” करत बोळातून पळायची. वाटेत एखादी आजी विचारायची, “कुणाची गं तू?” तोंड उघडून बोलले तर सूर जाणार. मी आपली “साऽऽ” म्हणून पुढं. मागून ऐकू यायचं, “चांगल्या घरची दिसती, पर बोलता येत न्हाई वाटतं.”

एक आजी तर म्हणाली, “देवानं रूप दिलं आन् वाचा न्हाई दिली.” रूप दिलं म्हणाली, म्हणून मी तिला मनातल्या मनात माफ केलं.

त्याच मळ्यातल्या घरी पुन्हा गेलो. अंगाई सुरू झाल्या झाल्या बाई सूर घेऊन दुकानाकडे निघाल्या. मी पोर झोपेपर्यंत थांबले आणि मग धावले.

“पांढरी पाच,” बाई म्हणाल्या.

“पांढरी चार,” मी म्हटलं, म्हणजे एक पट्टी खालची.

मी पुन्हा ताडून बघितलं. चारच. बाईंनी ताडून बघितलं. पाचच. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बाईंचे कान गेले. वय झालं. आता स्पेशलचं काय होणार? एवढी दया मी त्यानंतर कुणाचीही केली नसेल.

बाई म्हणाल्या, “पुढच्या घरी उलट करू. तू आधी निघ.”

केलं. या वेळी माझी पट्टी चढी निघाली आणि बाईंची उतरलेली. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दोघींचे कान शाबूत होते. गाणंच खाली येत होतं. आई गाता गाता आपला सा सोडून हळूहळू उतरत होती. आम्हाला वर्गात ज्यासाठी टपली बसायची, तेच.

आम्ही त्या घरी परत गेलो आणि मी तिथल्या माउलीला विचारलं, “तुमचा आवाज खाली येतो, ठाऊक आहे?”

“येतो व्हय? यील की. पहाटंपासनं उभी हाय मी. त्येच्या आदी मलाच झोप लागती, ताई.” आणि जांभई देत म्हणाली, “तुमी बी जरा पडा की. लय दमलाय.”

बाई खरोखरच भिंतीला टेकून पेंगत होत्या.

समिती आली. तिघं गृहस्थ. जेवणात बासुंदी होती आणि निबंध जेवणानंतर. शोध वगैरे काही उरला नव्हता. मी वाचलं, की प्रत्येक बाई आपापल्या पट्टीत गाते आणि गाता गाता खाली येते. का येते, ते नक्की सांगता येत नाही. पहिल्या फेरीत आमच्याकडून चूक झाली, तीही मी वाचली. प्राचार्य पंख्याकडे बघत राहिले.

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे निष्कर्ष काही नाही?”

“होता,” बाई म्हणाल्या. “तो चुकीचा निघाला.”

“बरं, गाऊन तरी दाखवा.”

मी उभी राहिले आणि गायले. काळी चारमध्ये, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठाम, एक केसभर हलले नाही. इतकी वर्षं तेच तर शिकले होते. अध्यक्ष म्हणाले, “ही तर खाली येत नाही.”

तेव्हा बाई बसल्या जागेवरूनच गायला लागल्या. कसलीही तयारी नाही, सूर नाही घेतला. आष्ट्याची अंगाई, आपल्याच बसक्या आवाजात. आणि त्या उतरत गेल्या. मुद्दाम नाही. माझा कान सांगत होता, की हे मुद्दाम नाही. शेवटच्या ओळीला आल्या तेव्हा आवाज जवळजवळ जमिनीला टेकला होता, आणि तिघांपैकी एकही गृहस्थ हलला नाही.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. मग कागद आवरत म्हणाले, “पण बाई, मुलींची संख्या फार कमी पडते हो.”

स्पेशल मिळालं नाही.

आमची संगीताची खोली जिन्याखाली होती. सगळे गेल्यावर बाई तिथं सतरंजीवर बसल्या होत्या. मी विचारलं, “आधीचा निबंध वाचला असता तर मिळालं असतं का हो?”

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “कोण जाणे,” म्हणाल्या. “रागावलीस?”

“हो.”

“बरं. जा घरी. झोप जरा.”

जूनमध्ये मी अर्थशास्त्र घेतलं. त्यात मला चांगले गुण पडले, याचा राग अजून गेलेला नाही. बाई त्याच जिन्याखालच्या खोलीत पहिल्या वर्षाच्या मुलींना सा लावायला शिकवत राहिल्या. अर्थशास्त्राचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. तास सुटला की सगळी मुलं धडाधड जिना उतरायची. मी मात्र चपला हातात घेऊन उतरायची.