सह्या केलेल्या सीडी

कोलकात्यातील एक प्रकरण अजून मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडाही नव्हता. एका स्वस्त सॉफ्टवेअरपासून ते सुरू झाले.

मी तेव्हा गुन्हे शाखेत होतो. सीडीवर गाणी उतरवण्याचे सॉफ्टवेअर धर्मतल्याजवळच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळते आणि ते बनावट आहे, अशी खबर आली. दुकानदाराला चौकशीला बोलावले. तो हसतच आला.

"स्यर, खोका बघा, काय छपाई आहे! गिऱ्हाइकाला सवलत देणं हा गुन्हा झाला?"

मी प्रश्न विचारणे थांबवले. विनोद करणाऱ्या आरोपीला शांतता सोसत नाही. थोड्या वेळाने त्याने बोट दुसरीकडे दाखवले. "मला काय धरता? सॉल्ट लेकमधला एक म्हातारा दर आठवड्याला कोऱ्या सीडींची चळत नेतो. कारखाना तिथं आहे."

स्थानिक ठाण्याच्या पथकाने त्या घरावर छापा घातला. संगणक आणि कपाटभर सीडी मिळाल्या. मुद्देमाल न्यायालयात ओळखता यावा म्हणून प्रत्येक वस्तूवर पंचांची सही घेणे ही जुनी शिस्त. दोन्ही पंचांनी आणि अधिकाऱ्याने एकेका सीडीवर बॉलपेनने, ठसठशीत सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला. "स्यर, सीडींतलं सगळं तुमच्या मराठीत आहे म्हणे. आपणच ऐका."

ठाण्यात बाकावर बसलेले सॉल्ट लेकमधले ते गृहस्थ माझ्या नावाची पट्टी वाचून उठले. सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, पत्नी नुकतीच वारलेली.

"साहेब, तुम्ही मराठी? बरं झालं. यांना सांगा हो, मी काही विकत नाही. ही इथल्या मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. पोरं बंगाली फाडफाड बोलतात, मराठी म्हटलं की गप्प. त्यांच्यासाठी गोष्टी टेप करायची. तेच उतरवून ठेवतोय."

"मग यात बाजारातली गाणी कशी, काका?"

"आम्हीच विकत घेतलेल्या सीडींतली. तिच्या आवडीची मधेमधे घातली."

"आणि इतक्या कोऱ्या सीडी?"

"निम्म्या वायाच जातात. ते सॉफ्टवेअर मधेच बंद पडतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं."

मूळ कॅसेटबद्दल मी विचारले. कॅसेटना बुरशी लागली होती. सीडी तयार झाली की काका कॅसेट टाकून देत. संगणकात जागा कमी, म्हणून तिथूनही पुसत.

मी पहिली सीडी लावली. यंत्राने ती बाहेर टाकली. दुसरीत एका बाईंचा आवाज आला आणि काही शब्दांतच अडकला. तिसरी, चौथी, तोच प्रकार. सीडी उजेडात धरली तर सह्यांच्या रेघांतून प्रकाश आरपार दिसत होता. अशा सीडीवरचा ध्वनी छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि दाब देऊन लिहिले की तो थर फाटतो, हे आमच्या तज्ज्ञाने नंतर सांगितले. प्रयोगशाळेत तुकडेच निघाले. तेवढे काकांवरचा संशय दूर करायला पुरेसे होते.

दुकानदाराचा छापखाना सापडला. तो दंड भरून पुन्हा गल्ल्यावर बसला. सीडीवर नव्हे, पाकिटावर सही घ्यावी, असा आदेशही निघाला.

मुद्देमाल परत न्यायला काका आले, तेव्हा मी सगळे सांगितले. त्यांनी खोक्यातली वरची सीडी काढून उजेडात धरली.

"तुम्ही ऐकलंत ना थोडं? काय म्हणत होती?"

"'मुलांनो, आवाज करू नका', एवढंच."

"पुढं कुठली गोष्ट होती?"

"ते कळलं नाही, काका."

"कसं कळणार? प्रत्येक गोष्टीआधी हेच म्हणायची."

निर्दोष माणूस सुटला की तपास यशस्वी झाला, असे मी तोवर मानत आलो होतो. या प्रकरणात आमच्यापैकी शिस्त मोडणारा कोणी सापडला नाही. ज्याने त्याने आपले काम चोख केले होते. जाब कोणाला विचारावा, हे मला आजही कळलेले नाही. त्या दिवशी काकांना घरी सोडायला मी शिपायाला गाडी काढायला सांगितली. काकांनी खोके काखेत धरले, मागे न बघता हातानेच नको म्हटले आणि ते बसथांब्याकडे चालू लागले.