राणी कलरचा टँकर

बावन्न दरवाजांच्या आमच्या शहरात धंद्याच्या रंगापायी बायकोशी, व्याह्यांशी आणि झेंडूच्या फुलांशी भांडलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांच्या घरात दिलेली, म्हणून मी जपून बोलतो. नाहीतर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. वाळूजच्या एका कारखान्यात ते रंगखात्यात होते. पत्र्यावर फवारे मारता मारता त्यांची नजर अशी तयार झाली, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याला थांबवून म्हणायचे, "वरण कालच्यापरीस एक छटा फिकं झालंय. हळद कमी पडली का?" आणि वाढपी खाली मान घालायचा, कारण खरोखरच कमी पडलेली असायची.

त्या वर्षांत पावसानं आमच्याशी बोलणंच टाकलं होतं. शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. हर्सूलच्या पलीकडं शेतं मोडून प्लॉट पडत होते, घरं उभी राहत होती, वास्तुशांतीची जेवणं उठत होती. गच्चीवर टाकी बसायची. तिच्यात पाणी कुठून येणार, हे मात्र कुणीच विचारलेलं नसायचं. साडूंनी हे हेरलं, नोकरी सोडली आणि टँकर घेतला. आता पाण्याला रंग नसतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. साडूंना तेच खुपत होतं. बजाजनगरातल्या घराच्या मागच्या भिंतीवर त्यांनी नाना रंगांचे पट्टे मारले, ते लांब रस्त्यावर जाऊन डोळे बारीक करून पाहिले, आणि शेवटी टँकर राणी कलरनं रंगवला.

"साडूभाऊ, टँकरला कुणी राणी कलर देतं का?" मी विचारलं.

"म्हणूनच द्यायचा! निळे टँकर गावभर हायेत. धुराळ्यात समदे सारखेच दिसतेत. आपला आला की बाईला गच्चीवरनं कळलं पाहिजे, व्हय, हा आपलाच."

इथवर ठीक होतं. पण त्यांचं म्हणणं असं, की धंद्याला एकच रंग, एकच अक्षर, दुसरं काही नाही. मग पाइप राणी कलरचा झाला, बादली झाली, स्कूटर झाली, घराचं फाटक झालं. नाव लिहिणाऱ्या पेंटरनं हौसेनं अक्षराखाली एक वळणदार फुलपान काढलं, तर त्याला उभ्या उन्हात ते पुसायला लावलं. ड्रायव्हर इस्माईलभाई म्हणाले, "सेठ, नजर लगती. काली गुडिया होना." साडूंनी परवानगी दिली, पण काळी बाहुली टांगण्याआधी रंगाच्या डब्यात बुचकळून काढली. इस्माईलभाई तिच्याकडं बघून म्हणाले, "अब तो इसकूच नजर लगेंगी." दसऱ्याला सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार, आमच्या साडूंच्या टँकरला राणी कलरच्या अ‍ॅस्टरचे. त्यासाठी सकाळपासून फूलबाजार पालथा घातलेला. पोरीच्या लग्नाची पत्रिकाही त्याच रंगात, त्याच अक्षरांत छापली. व्याह्यांनी ती पाण्याची जाहिरात समजून वर्तमानपत्राच्या रद्दीत टाकली, आणि आमंत्रणच नाही म्हणून रुसून बसले. ताई, म्हणजे साडूंच्या मंडळी, एकदा माझ्यापाशी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "लग्नातला माझा शालू राणी कलरचा हो. आता तो नेसून बाहेर पडलं, की बाया विचारतेत, आज पाणी किती वाजता?"

पण साडूंचं चुकलं नव्हतं. टँकर लांबून दिसला, की गच्च्यांवरून आरोळी उठायची, "राणी आली!" आणि गल्लीभर टाक्यांची झाकणं उघडायची.

धंदा चालतो म्हटल्यावर नक्कल आलीच. कुणा एकानं आपला टँकर तसाच रंगवला आणि कुठल्याशा खदानीतलं पाणी भरून साडूंच्याच हर्सूलकडच्या वसाहतीत फिरवलं. दोनच दिवसांत घरोघर पोटं बिघडली. पुढच्या खेपेला साडू गेले तर एकही झाकण उघडेना. कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळी वसाहत त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची आणि त्यांचंच ऐकायची. बाई फाटकात येऊन म्हणाल्या, "तुमचाच टँकर होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

रंग बघा आणि विश्वास ठेवा, हे साडूंनीच तर लोकांना शिकवलं होतं.

रंग बदला, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. साडू ओट्यावर बसून होते. "बदलला तर लोक म्हणतील, चोर होता म्हून बदलला. नाय बदलला तर तो गडी माझ्या नावावर घाण पाणी पाजणार. धंदा जाऊ द्या हो, पण लेकराबाळांची पोटं..." इतकी वर्षं मी त्यांची टिंगल करत आलो होतो. त्या दिवशी मला करवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः टँकरवर जाऊ लागले. प्रत्येक फाटकासमोर पाइपातून तांब्याभर पाणी घ्यायचं, सगळ्यांदेखत गटागटा प्यायचं, मग म्हणायचं, "आता ठरवा." गल्ली संपेपर्यंत त्यांना वाकता येत नसे. इस्माईलभाई म्हणायचे, "सेठ, टँकर खाली हुआ, तुम भर गए." बाई रोज खिडकीतून बघत होत्या. एक दिवस त्यांनी झाकण उघडलं, आणि मागोमाग गल्लीनं उघडलं. तो नक्कलवाला पुन्हा आला तेव्हा बायांनी त्याच्यापुढंही तांब्या धरला. तो जो गेला, तो परत दिसला नाही.

मग पाऊस झाला, धरण भरलं, आणि वसाहतीत नळाची पाइपलाइनही आली. नळ सुटला त्या सकाळी मी साडूंकडंच होतो. बाईंचा फोन आला, "जरा येऊन जा." आम्ही स्कूटरवरून गेलो. बाईंच्या अंगणात सगळी गल्ली जमलेली. नळ वाहत होता, पण भांडं कुणी लावलं नव्हतं. बाईंनी पेला भरून साडूंपुढं धरला.

"आधी तुम्ही प्या. मग आम्ही."

साडूंनी पेला उजेडात धरला, वास घेतला आणि ते सावकाश सगळं पाणी प्यायले. मिशा पुसून म्हणाले, "चांगलं हाय. बिनघोर प्या." बायांनी हंडे लावले. टँकरचं काम त्या पेल्याबरोबर संपलं होतं, आणि हे साडूंइतकं कुणाला कळत होतं?

परत येताना ते स्कूटर फार हळू चालवत होते. मला राहवेना. म्हटलं, "साडूभाऊ, थोडं तोंड वाकडं केलं असतं, तर अजून एक उन्हाळा निघाला असता."

मागं न बघताच ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला नाय, मलाच विचारलं ना त्यांनी."