या फायलीला हात लावू नका

माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जी फाइल बनवते तिच्या डोक्यावर मी एक ओळ टाकून ठेवली आहे: ही फाइल आपोआप बनते, हिला हात लावू नका. इतकं साधं. तरी आमच्या टीम लीडने हात लावलाच, आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर.

आमच्या कंपनीत बटण, तारीख निवडायचा चौकोन असे वेबसाइटचे सुटे भाग एकदाच बनवायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचे, असं ठरलेलं आहे. पण प्रत्येक टीमचं वेबसाइट बांधायचं साधन वेगळं. कुणी रिअ‍ॅक्टवाले, कुणी अँग्युलरवाले, कुणी व्ह्यूवाले. प्रत्येकाला त्याच भागावर आपल्या पद्धतीचं वेगळं वेष्टण लागतं, त्याला आम्ही रॅपर म्हणतो. ती हाताने लिहीत बसणं म्हणजे निव्वळ गाढवमेहनत, म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. ती मूळ भागाची फाइल वाचते आणि सगळ्यांची रॅपर काढून देते. मूळ फायलीत जे लिहिलेलंच नाही ते तिला कुठून कळणार? ती काय अंतर्ज्ञानी आहे?

हे काम मी कर्जतजवळच्या पळसदरीच्या घरातून करते, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून. आईला एकटीला ते उचलवत नाहीत, म्हणून त्यांची खाट माझ्या टेबलामागेच टाकली आहे. त्यांची वाचा गेली, शब्द उरला एकच. च्या घेणार? हाय. पाय दुखतो? हाय. जेवण नको? हाय. थेरपीच्या बाईंनी सांगितलंय, बोलतं ठेवा. मी रोज समोर बसून "बाबा, नाय म्हणा, नाय" असं घोकून घेते, आणि ते हसून "हाय" म्हणतात. मी ऑफिसला जायला लागले तर हे कोण करणार?

तर झालं असं. तारखेचा भाग लीडने स्वतः लिहिला. तारीख निवडली की तो भाग बाहेर काय कळवतो, हे फायलीत वर नोंदवायची आमची पद्धत आहे. साहेब विसरले. साहजिकच रॅपरमध्ये ते आलं नाही आणि अँग्युलरवाल्यांनी तक्रार केली. तेव्हा या शहाण्याने मला एक फोन करावा की नाही? 'ती तिकडे कर्जतला, रेंज असेल नसेल' म्हणत त्याने थेट रॅपर उघडलं आणि तिथेच ठिगळ लावलं. पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली, नवीन रॅपर निघाली आणि ठिगळ पुसलं गेलं. लोक फॉर्मवर तारीख निवडून दमले, फॉर्म पुढे सरकेना.

आमच्याकडे भात पेरण्याआधी राब भाजतात. पालापाचोळा नि शेण पसरून रोपं करायची जागा जाळून घेतात, म्हणजे तण मरतं. तिथे आळस केला की लावणीला रोपांबरोबर तणही सगळ्या खाचरांत जातं, मग बसा प्रत्येक खाचरात उपटत. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं. कुणीतरी खुसखुसलं.

लीड म्हणाला, "शेतीचं राहू द्या. तुमच्या स्क्रिप्टचा भरवसा नाही. यापुढे रॅपर हाताने लिहायची. आणि तुम्ही सोमवारपासून ऑफिसला या, लांब बसून असेच घोळ होतात."

माझं टाळकं सणकलं. माझी स्क्रीन सगळ्यांना दाखवत मूळ फायलीत ती राहिलेली ओळ लिहिली आणि स्क्रिप्ट चालवली. तिन्ही रॅपर नीट निघाली. मग मी ओरडलेच, आणि ऑफिसची भाषा कुठल्या कुठे गेली. "माझी स्क्रिप्ट बरोबर हाय! तुमी मूळ सोडून फांद्यांना औषध लावता आन् वर मलाच बोलता?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोनावर वरडतेस गं एवढी?"

लीडने घसा खाकरला. "ते ठीक आहे. पण सोमवारी येताय ना?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर मागच्या खाटेवरून आलं.

"नाय."

खणखणीत. आई खाटेकडे धावली. माइक चालूच होता. लीड विचारत होता, कोण बोललं ते? मी वळून बघितलं. बाबा हसत नव्हते. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत ते पुन्हा म्हणाले, "नाय."