सरस्वतीच्या ताटातला रोट

कागद गुजरातीत होता आणि सरस्वती सातवीपर्यंत शिकली होती ती मराठी शाळेत. म्हणून शुक्रवारी दुपारी, वहिनी नळावर गेल्याचं बघून, तिनं शेजारच्या धनश्रीला हाक मारली. धनश्री बारावीला होती, गुजराती माध्यमात. मराठी बोलता बोलता ती मधेच गुजरातीत शिरायची आणि तिचं तिला कळायचंही नाही. कागद सरस्वतीच्या मोठ्या भावाच्या, भाईदासच्या, पत्र्याच्या पेटीत होता. खाटेखाली सरपटत जाऊन सरस्वतीनं तो काढला होता.

"वाच. पण हळू."

धनश्री वाचू लागली. नाव, वय अठ्ठावीस, राहणार लिंबायत, तारीख येत्या मंगळवारची, घरच्यांनी पोटाच्या ऑपरेशनची म्हणून सांगितली होती तीच. मग ती थांबली आणि कागदाची घडी घालायला लागली.

"घडी नंतर घाल. पोटदुखीचंच आहे ना?"

"ताई, यात पोटदुखी लिहिलीच नाही. गर्भाशय काढवानुं... म्हणजे पिशवी काढायचं ऑपरेशन. खाली भाईदासकाकांची सही छे."

सरस्वतीनं कागद घेतला, जिथला होता तिथं ठेवला आणि पुन्हा साडीचे धागे कापायला बसली. पाच साड्या झाल्या तरी तिला आपण काय कापतोय ते दिसत नव्हतं.

ही गोष्ट सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची. सरस्वतीचे आईवडील धुळ्याकडून लिंबायतला आले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि पोलिओ तिला गावीच होऊन गेला होता. डावा पाय हाताच्या मनगटाएवढा. त्या गुडघ्यावर हात दाबून ती घरातल्या घरात चालायची आणि बाहेर जायचं तर भाईदास तिला उचलून रिक्षात बसवायचा. वडील गेले. घरात उरले आई मंगलाबाई, भाईदास, त्याची बायको रुक्मिणी, त्यांचा लेक चेतन आणि ही. भाईदास खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, बारा तास उभा असायचा. सरस्वती घरी बसून साड्यांच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कापायची. तिची कात्री चालू लागली की रुक्मिणीची शिवणाची मशीन मागे पडायची. तोंडही तसंच चालायचं. अशा बाईला कुणी फसवू शकेल असं वाटलं नसतं. पण फसवणारे घरचे असले की माणूस कागद वाचतच नाही.

त्या संध्याकाळी भाईदास जेवायला बसला तसं तिनं विचारलं, "भाऊ, मंगळवारनं ऑपरेशन कसानं शे?"

"पोटनं."

"पोटमा कसानं?"

भाईदासनं घास खाली ठेवला. "तुले काय समजस? डाक्टरनी सांगेल शे. मी तुना वैरी शे का?"

वैरी नव्हताच तो. हीच तर अडचण होती. वैरी असता तर तिनं चाळ डोक्यावर घेतली असती. ज्यानं तिला शाळेत खांद्यावर नेलं, प्लेगच्या दिवसांत अर्धी चाळ गावाकडे पळत असताना जो तिला पाठीवर घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेला, त्यानंच ती सही केली होती. तो हात धुऊन शिफ्टला गेला आणि खरं काय ते तिला रुक्मिणीकडून कळलं.

"सरस्वती, तुले दर महिनाले किती तरास व्हस," रुक्मिणी भांडी घासत, वर न बघता म्हणाली. "कपडा मी धुस, पानी मी देस. डाक्टर म्हने, हिले काय करनी शे पिशवी? आनि मांगनी गल्लीमधली ती मुकी पोर, ध्यानमा शे ना? कोनी काय करं, कोनले समजनं नही. चौथा महिनाले समजनं. तसं आपला घर नको."

सरस्वतीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. म्हणजे कुणी तिच्यावर हात टाकला तर तो अडवायचा नव्हता, नुसता पुरावा राहू द्यायचा नव्हता. ती आईकडे वळली. मंगलाबाई भिंतीकडे तोंड करून जात्याचा खुंटा ठोकत होती.

"माय, तुले ठाऊक व्हतं?"

"मन्हा मांगे तुले कोन देखी?" मंगलाबाई म्हणाली आणि खुंटा ठोकतच राहिली.

कोण बघेल याचं उत्तर सरस्वतीकडे होतं. आठ महिन्यांपासून होतं. त्याचं नाव हिलाल.

हिलालही मूळचा खानदेशातलाच, सुरतेतच नवागामला राहायचा, विधवा आईबरोबर. पंधरा वर्षं मागावर काम करून त्याचे कान गेले होते. खात्यातल्या आवाजात निम्म्या कारागिरांचे जातात, पण याचे जरा जास्तच. मग त्यानं माग सोडला आणि सायकलवरून साड्यांची पोटली, म्हणजे गाठोडी, घरोघर पोचवायचं काम धरलं. त्याच्याशी बोलायचं तर समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं बोलावं लागे. तो ओठांवरून डोळे काढायचा नाही. सगळं जग सरस्वतीशी बोलताना आधी तिच्या पायाकडे बघायचं, आणि हा माणूस अर्धा अर्धा तास तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. तिला ते आवडलं. आवडलं म्हणजे किती, तर तो येण्याच्या दिवशी ती सकाळी दोनदा वेणी घालायची.

चाळीतल्या दुसऱ्या कुठल्याही पोरीच्या दारात परका गडी इतका वेळ बसला असता तर चार तोंडांनी चार गोष्टी केल्या असत्या. सरस्वतीच्या दारात तो बसला तर रुक्मिणी खुशाल नळावर निघून जायची. पांगळ्या पोरीचं काय होणार! तिच्यावर संशय घ्यावा एवढीसुद्धा कुणाला ती बाई वाटत नव्हती. त्या अपमानाचा सरस्वतीनं पुरेपूर फायदा घेतला. डिसेंबरात एका दुपारी पोटलं ठेवताना हिलालचा हात तिच्या बारक्या पायाला लागला. "थंड शे," असं म्हणून त्यानं तो पाय दोन्ही हातांत धरला आणि गरम होईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर आणि घरचे सोडून त्या पायाला कुणी हात लावला नव्हता. सरस्वतीच्या अंगावर काटा आला. तिला तो माणूस हवा होता, नवरा म्हणून, रात्रंदिवस, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

त्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, तुझ्या भावाशी बोलू का. तिनं थांबायला सांगितलं. भाऊ रागावेल याची भीती नव्हती. तो हसेल याची होती. थांब, थांब करत आठ महिने गेले. हिलालनं विचारणं सोडलं. आणि आता श्रावणात मालच कमी, म्हणून गेले सहा दिवस तो फिरकला नव्हता.

शनिवारी मंगलाबाईनं जातं मांडलं. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. खानदेशातून सुरतेला माणसं भांडीकुंडी घेऊन आली तशी आपली कानबाईही घेऊन आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, मणी, बांगड्या घालून तिला चौरंगावर बसवायचं आणि रोटांचा नैवेद्य दाखवायचा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, त्याच पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे हे रोट. ते खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. दिल्या घरच्या लेकीला त्यातला कणही चालत नाही. मंगलाबाई या बाबतीत भलती कडक. तीन वर्षांपूर्वी पुतणी नवी नवी सासरी गेलेली, पंगतीत चुकून बसली, तर मंगलाबाईनं तिच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं होतं. पोर रडली. मंगलाबाई म्हणाली, देवीला कळतं कोण कुठलं ते.

सरस्वती मात्र दरवर्षी रोट खायची. भाईदासच्या नावाची मूठ, चेतनच्या नावाची मूठ, मग चुलत्यांच्या. मंगलाबाई मोजत होती आणि सरस्वती बघत होती. ती कायमची इथलीच, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्याच हिशेबानं भाईदासनं सही केली होती. रात्रभर तिला झोप लागली नाही.

रविवारी दुपारी भाऊबंद जमले. खोलीत आणि बाहेरच्या पडवीत पंगत बसली. सर्वांत वडील लोटूबाबा, मंगलाबाईचे चुलतदीर, चौरंगाजवळ बसले. दर्शनाला चाळीतली, ओळखीपाळखीची माणसं येत होती, दारातून हात जोडून जात होती. सरस्वतीनं दाराकडे तोंड करून बसायची जागा धरली होती. दर वेळी सावली पडली की ती मान वर करून बघायची. शेंगदाणेवाला आला, धनश्रीची आई आली, घरमालकाचा मुलगा येऊन गेला. रुक्मिणीनं वाढायला घेतलं. सरस्वतीच्या ताटात रोट पडला, वर दूध आलं.

आणि तेव्हा हिलाल दारात आला. धुतलेला शर्ट, हातात नारळ.

सरस्वतीनं ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"मले रोट चालत नही."

"काबर व?" लोटूबाबांनी विचारलं. "उपास शे का?"

"नही, बाबा. मी आते या घरनी नही."

पंगतीतले हात थांबले. भाईदास हसला. ज्या हसण्याला ती आठ महिने भीत होती तेच हे हसणं. "मग कोना घरनी शे तू?"

सरस्वती त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, आणि आतापर्यंतचं एक अक्षरही ज्याला ऐकू गेलं नव्हतं त्या माणसाला ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "हिलाल. तू जे मले इचारेल व्हतं, ते आते सगळासमोर इचार."

हिलालनं तिचे ओठ वाचले. मग पंगतीकडे बघितलं, भाईदासकडे बघितलं, हातातल्या नारळाकडे बघितलं. हा आता नारळ ठेवून निघून गेला तर मंगळवारी तिला कुणीही वाचवू शकणार नव्हतं, आणि वर जन्मभर ही गंमत चाळीत सांगितली गेली असती.

"सरस्वती, मन्हासंगे लगन करशी का?"

कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

"करसू," सरस्वती म्हणाली.

भाईदास उठला. त्याचं हसू गेलं होतं. त्यानं रोटाचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला. "लगन झायं नही आजून. या घरनीच शे तू. खाय."

दूध तिच्या मांडीवर ठिबकत होतं. खाल्लं तर ती इथली, आणि इथली असली तर मंगळवार ठरलेला. तिनं दात घट्ट मिटले. स्वतःचं शरीर वाचवायला दुसऱ्या घराचं नाव घ्यावं लागतंय, याचा तिला तेव्हाही संताप आला होता. पण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. लोटूबाबांनी मंगलाबाईकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच बघितलं, कारण रोटाचा निवाडा त्या घरात तिचाच असायचा.

मंगलाबाई चौरंगाशी बसली होती. ती गुडघ्यावर हात दाबून उठली, भाईदासच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि ताटात टाकला. मग वाकून सरस्वतीच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"रुक्मिणी," ती म्हणाली, "बाजूना घरनी पोयी आन. मन्ही आंडेरले रोट चालत नही."

दिल्या घरच्या लेकीचं, आंडेरचं, ताट आत नेताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारच्या घरची शिळी पोळी आणि लोणचं आलं. सरस्वतीनं ते सगळ्यांच्या समोर खाल्लं, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की लावायचं, असं लोटूबाबांनी ठरवलं. पण त्या पेटीच्या खोलीत आपण तोवर राहणार नाही, हे सरस्वतीनं सांगून टाकलं. हिलालची आई न्यायला तयार होती. भाईदास दोन दिवस शिफ्टवरून येऊन तसाच झोपत राहिला.

मंगळवारी सकाळी आठ वाजता दारात रिक्षा येऊन भोंगा वाजवू लागली. दवाखान्यासाठी भाईदासनंच ती सांगून ठेवली होती आणि नको म्हणून कळवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. सरस्वतीनं कपड्यांचं गाठोडं आणि कात्री घेतली आणि गुडघा दाबत उंबऱ्यापर्यंत आली. पायऱ्या तीन होत्या. ती पहिल्या पायरीवर बसून खाली सरकणार, तेवढ्यात मागून दोन हात तिच्या काखेत आले. नेहमीसारखेच. भाईदासनं तिला उचललं, रिक्षात बसवलं, पाय नीट आत ठेवला आणि खिशातून घडी घातलेला तो कागद काढून तिच्या मुठीत कोंबला.

रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "दवाखाने ने?"

"ना," भाईदास म्हणाला. "नवागाम."